उन्हात बंद, सावलीत सुरू

सोलापुरात रस्त्याकडेला गाडी बंद पडली की मदत मागावी लागत नाही. दोन-चार किका ऐकू आल्या की टपरीवरून कुणीतरी उठतो, चहाचा ग्लास हातात तसाच, आणि लांबूनच निकाल देतो, "प्लग बघ बे, प्लग!" मागून येणारा रिक्षावाला तेच सांगतो, दूधवाला तेच सांगतो, पाठीला दप्तर लावलेलं पोरगंही तेच सांगतं. नळाला पाणी कितव्या दिवशी येणार यावर कधी एकमत न होणारं हे गाव प्लगवर मात्र एका सुरात बोलतं. आणि कधीकधी ते बरोबरही निघतं, हीच खरी पंचाईत आहे.

प्लगवर, म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी पाडून पेट्रोल पेटवणाऱ्या या भागावर, आळ यायचं कारण साधं आहे. अख्ख्या इंजिनात बाहेरून दिसणारा, एका पान्यानं हातात येणारा आणि खिशाला परवडणारा भाग तोच. विजेचा दाब चढवणारी कॉईल टाकीखाली दडलेली, वेळेवर ठिणगी सोडणारी सीडीआयची डबी सीटखाली, वीज तयार करणारा मॅग्नेट तर इंजिनाच्या झाकणाच्या आत. जो समोर उभा त्यालाच धरा, असा हा न्याय. मी इथे प्लगचं वकीलपत्र घेतोय, कारण गेल्या उन्हाळ्यात त्याच्यावर आलेला आळ मी जवळून पाहिला.

गाडी माझी जुनी, शंभर सीसीची टू-स्ट्रोक. पुढचं मडगार्ड उंच केलेलं, हँडल रुंद, मागे बटन टायर. खडबडीत वाटांसाठीची हिरोची इम्पल्स २०११ साली आली, मग २०१९ साली एक्सपल्स. त्याआधी आमच्या वयाच्या पोरांना खडी-मुरमात जायचं तर अशा जुन्या टू-स्ट्रोकलाच राबवावं लागायचं, आणि ती सवय काही सुटली नाही. तुळजापूर रस्त्याला हिप्परग्याचा तलाव मागे टाकला की मुरमाचे माळ लागतात. जुन्या खाणींचे खड्डे, कोरडे ओढे, बांधावर बाभळी. गाडीला आणि पाठीला पुरेसा व्यायाम होतो. बार्शी रस्त्याला नान्नजचं गवताळ माळरान याहून सपाट आणि मोहात पाडणारं आहे, पण ते १९७९ पासून माळढोकाचं अभयारण्य आहे, तिकडे चाक वळवायचं नाही. माळढोक तर तिथला मालकच, पण दुसरंही एक कारण आहे. एप्रिलमध्ये ते गवत वाळून पार काडी झालेलं असतं आणि टू-स्ट्रोकच्या सायलेन्सरमधून कधीकधी जळत्या काजळीचे कण बाहेर पडतात. ठिणगी सिलिंडरच्या आतच राहिलेली बरी.

तर उन्हाळ्यात गाडीनं एक खोड धरली. सकाळी पहिल्या-दुसऱ्या किकला सुरू व्हायची, अर्धा-पाऊण तास झकास पळायची, आणि ऊन चढलं की एखाद्या चढावर दोनदा मिसिंग मारून बंद पडायची. बंद पडण्याची तऱ्हाही ध्यानात घेण्यासारखी होती. पेट्रोल संपत आलं की गाडी आधी कुरकुरते, जोर सोडते, चोक ओढला तर थोडं पुढे सरकते. इथे तसं काही नाही. आवाज मधेच तुटायचा. असा आवाज तुटला की माझा संशय ठिणगीवर जातो.

पहिल्यांदा बंद पडली तेव्हा आमच्यातल्या एकानं लगेच पाना काढला, जुना प्लग काढून नवा बसवला, किक मारली आणि गाडी सुरू. "बघ, म्हटलं नव्हतं? प्लगच होता." तो जुना प्लग ओढ्यात भिरकावणार होता. मी तो मागून घेतला, कारण मला त्याचा रंग पटला नव्हता.

प्लगचं टोक वाचता येतं. आतल्या चिनी मातीच्या नाकाचा रंग कॉफीसारखा किंवा विटकरी असेल तर ज्वलन ठीक चाललंय. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय, किंवा एअर फिल्टर तुंबलाय. काळं पण तेलकट असेल तर पेट्रोलबरोबर जळणारं टू-टी ऑइल जास्त झालंय, किंवा गाडी फार वेळ हळू चालवलीय. पांढराफटक, वर बारीक फोड आल्यासारखा असेल तर मात्र जपायला हवं, इंजिन कुठूनतरी जादा हवा घेतंय आणि पिस्टनचे दिवस भरत आलेत. आणि पेट्रोलनं ओलाचिंब असेल तर पेट्रोल पोचलं पण पेटलं नाही. जुने मिस्त्री या विटकरी रंगाची जी खूण सांगतात, तिला शिशाच्या पेट्रोलच्या काळाचा हात लागलाय. आपल्याकडे १ फेब्रुवारी २००० पासून देशभर बिनशिशाचं पेट्रोल आलं, तेव्हापासून प्लगवर रंग फिका धरतो, म्हणून जरा फिका तपकिरी दिसला तर घाबरायचं कारण नाही.

माझ्या हातातला प्लग फिका कॉफी रंगाचा, कोपरे धारदार, गॅप, म्हणजे ठिणगी उडते ती फट, ०.६ ते ०.७ मिमीच्या आत. असा प्लग भर रस्त्यात अचानक मरत नाही. शिवाय नवा प्लग घातल्यावरही गाडी पुढच्या खेपेला तशीच बंद पडली, तेव्हा ओढ्यात जाऊ पाहणारा तो जुना प्लग पुन्हा बसवला आणि गाडी त्याच्यावरही सुरू झाली. दोन्ही प्लग सारखेच शहाणे निघाले.

इथे अण्णांना आणायला हवं. अशोक चौकाच्या बाजूला त्यांचं गॅरेज. गॅरेज म्हणजे पत्र्याचं छप्पर, एक लाकडी बाकडं आणि डब्यांत डबे. घरात तेलुगू, गिऱ्हाइकाशी सोलापुरी मराठी, शेजारच्या वेल्डरशी कन्नड. गाड्यांकडे यायच्या आधी अण्णा यंत्रमागावर जॉबर होते. टॉवेलचे माग दुरुस्त करण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. मी सगळी हकीकत सांगितली. त्यांनी गाडीकडे बघितलंसुद्धा नाही.

"बंद पडल्यावर प्लग बदलायला किती वेळ लागला?"

"दहा मिनिटं. गरम होता ना, जरा थांबून काढला."

"पुढच्या वेळी प्लगला हात लावू नको. काहीच करू नको. दहा मिनिटं सावलीला बस, मग किक मार. सुरू झाली तर मला सांग."

मी हसलो. अण्णा हसले नाहीत. "माग बंद पडला की जॉबर आधी मागाला हात लावत नाही बे. कुठला धागा तुटून लोंबतोय ते बघतो. आधीच पाना घातला तर तो धागा सापडत नाही मग."

मी बाभळीखाली बसलो, शेंगाचटणी-भाकरी काढली, गाडीला बोट लावलं नाही. मग किक मारली. सुरू. म्हणजे औषध प्लगचं नव्हतं, दहा मिनिटांचं होतं. प्लग बदलताना जी उसंत मिळायची त्यात काहीतरी थंड व्हायचं आणि श्रेय प्लगला जायचं. आपल्याकडे कितीतरी प्लग असे फुकट बदलले जात असतील, आणि फुकटच नावाजलेही जात असतील. तेव्हापासून कुणी "अमुक बदललं आणि गाडी सुरू झाली" म्हणालं की मी विचारतो, काहीच न बदलता सुरू झाली असती का? लोकांना हा प्रश्न आवडत नाही.

पण थांबल्यावर सुरू होणं हे फक्त ठिणगीचं लक्षण नाही. टाकीच्या झाकणात हवा आत यायला बारीक छिद्र असतं. मुरमाच्या धुळीनं ते बुजलं की टाकीत पोकळी होते, पेट्रोल उतरायचं थांबतं, गाडी बंद. थोडा वेळ थांबलं की हवा आत शिरते आणि गाडी पुन्हा सुरू. तेच अर्ध्या तासाचं वेळापत्रक, तीच सावली. फरक कळतो तो बंद पडल्याच्या पहिल्या एक-दोन मिनिटांत. प्लग काढायचा, कोरडा असेल तर पेट्रोलचा रस्ता धरायचा, ओला असेल तर करंटचा. झाकण उघडताच 'फुस्स' आवाज आला तर पुढचं तपासायची गरजच नाही. तिसरा संशयित म्हणजे गरम होऊन धरणारा पिस्टन. तो किकच्या पायाखाली कळतो, किक जड जाते.

मग पुढच्या खेपेला खिशात पाना, जाड फडकं आणि सुटा प्लग ठेवला. गाडी बंद पडली तशी लगेच प्लग काढला. ओला. तारेच्या टोकाच्या टोपीत घालून इंजिनाच्या फिन्सना, म्हणजे बाहेरच्या धातूच्या पाकळ्यांना, टेकवला, किक मारली. ठिणगी नाही. खिशातला दुसरा प्लग घातला. त्यालाही नाही. खटला जवळजवळ इथेच संपला.

ठिणगी बघताना दोन पथ्यं पाळायची. प्लग ज्या भोकातून काढला त्याच्या जवळ धरायचा नाही. किक मारली की तिथून पेट्रोलचा फवारा बाहेर येतो आणि ठिणगीला तेवढं पुरतं. टाकीखाली वाकून हे करणाऱ्या बहाद्दरांच्या भुवया जळलेल्या मी पाहिल्यात. दुसरं, सीडीआयच्या गाडीत तार नुसती हवेत लोंबकळत ठेवून किक मारायची नाही. ठिणगीला वाट मिळाली नाही की विजेचा दाब कॉईलच्या आतच फुटतो.

आणि ठिणगी दिसली म्हणून लगेच खूशही व्हायचं नाही. हवेतल्या १ मिमी अंतरातून ठिणगी उडायला साधारण ३,००० व्होल्ट लागतात. म्हणजे बाहेर धरलेल्या प्लगला दोन-तीन हजारांत भागतं. सिलिंडरमध्ये मिश्रण दाबलं गेलं की तेवढ्याच गॅपला कितीतरी पट जास्त लागतात. मरायला टेकलेली कॉईलसुद्धा बाहेर ऐटीत ठिणगी दाखवते आणि आत गेली की माघार घेते. म्हणून अण्णांकडे एक जुना प्लग आहे, बाहेरचा वाकडा दांडा कापून टाकलेला. ठिणगीला तिथे ५-६ मिमी उडी मारावी लागते. निळी, कडकडीत उडाली तर कॉईल ठीक. पिवळसर, भुरभुरती असेल तर पुढे बघा.

करंटचा रस्ता लांब असला तरी सरळ आहे. मॅग्नेट फिरतो, त्याच्या आतल्या कॉईल प्लेटवरची एक कॉईल वीज तयार करते. ती सीडीआयमधल्या कपॅसिटरमध्ये दोन-चारशे व्होल्टपर्यंत साठते. पल्सर कॉईल वेळ सांगते, त्या क्षणी कपॅसिटर आपला साठा टाकीखालच्या एचटी (हाय टेन्शन) कॉईलमध्ये रिकामा करतो आणि तिथून हजारो व्होल्ट तारेतून, टोपीतून प्लगपर्यंत. उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि प्लग ही जोडी बॉशच्या गॉटलोब होनोल्ड या इंजिनिअरनं १९०२ साली जमवली. मधले भाग बदलले, पण या साखळीचा शेवट तोच राहिला. आणि शेवटच्या टोकाला उभा असलेला सगळ्यांच्या शिव्या खातो.

रस्त्यावरच करता येण्याजोगं पहिलं काम म्हणजे किल स्विचची तार सोडून बघणं. तो स्विच करंट अर्थ करूनच गाडी बंद करतो. त्यात चिखल-पाणी शिरलं की तो आपल्या मनानं गाडी बंद करायला लागतो. नव्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीवाल्यांनी आधी साइड स्टँडचा स्विच बघावा. गाडी आडवी पडली असेल तर चावी बंद करून पुन्हा चालू करावी, कारण पडल्यावर इंजिन बंद करणारा सेन्सर चावी फिरवल्याशिवाय बऱ्याचदा सोडत नाही. यात लाजण्यासारखं काही नाही, ढकलत घरी नेण्यापेक्षा बरं.

माझा स्विच निर्दोष होता. मग फडकं पाण्यात भिजवून एकेका संशयितावर ठेवायचं. गाडी बंद पडल्यावर एचटी कॉईलवर ठेवलं, तार-टोपीला पाणी लागू न देता. फरक नाही. सीडीआयवर ठेवलं. नाही. उरली मॅग्नेटच्या आतली कॉईल, जिथे फडकं पोचत नाही. ती इंजिनाच्या पोटालाच चिकटलेली, सगळ्यात गरम जागा.

एका दुपारी ऊन टळटळीत असताना गाडी पळवून गरम केली आणि बंद पडायच्या बेताला तशीच अण्णांच्या दारात आणून उभी केली. झाकण न उघडता त्यांनी कनेक्टर सोडला आणि मल्टीमीटर लावला. रोध अनंत. म्हणजे तार आत कुठेतरी तुटलेली. मग आम्ही चहा घेतला, थोडं क्रिकेट बोललो, पुन्हा मीटर लावला. काहीशे ओहम, पुस्तकात लिहिल्यासारखे. वेढ्यांमधली बारीक तार एका जागी तुटलेली होती. थंड असताना टोकाला टोक लागायचं, तापून फुगलं की सुटायचं. तांब्याचा रोध तापमानाच्या दर अंशाला जेमतेम ०.४ टक्क्यानं वाढतो, ६० अंश तापलं तरी चोवीस-पंचवीस टक्के. त्यामुळे गरम कॉईलचं माप थोडं जास्त येणं साहजिकच. अनंत येणं नाही. थंड गाडीवर मीटर लावून "कॉईल चांगली आहे" म्हणणारे इथेच फसतात.

नवी कॉईल प्लेट मिळेना. जी मिळाली तिच्या पाकिटावर छपाई पुसट आणि शब्दांचं स्पेलिंग चुकलेलं, ती अण्णांनी हातातसुद्धा घेतली नाही. पण आपला जिल्हा विहिरींचा आणि बोअरचा, इथे मोटार वायंडिंगवाल्यांना तोटा नाही. पहिला म्हणाला, पाच एचपीची मोटार आण, हे खेळणं नको. दुसऱ्यानं डोळ्याला भिंग लावून जुनी तार सोडवली, वेढे मोजले, तेवढ्याच जाडीची इनॅमलची तार भरली आणि वर वॉर्निश सोडलं. वॉर्निश पुरतं सुकू द्यायला त्यानं गाडीवाल्याचा जीव घेतला, पण ते बरोबरच होतं. ओल्या वॉर्निशची कॉईल गरम इंजिनात गेली तर पुन्हा तोच खेळ.

या सगळ्या काळात प्लगविषयी सल्ले येतच होते. एक म्हणे, सोलापूरच्या उन्हात एक नंबर थंड, म्हणजे टोकाची उष्णता लवकर बाहेर सोडणारा, प्लग टाकावा. एनजीके कंपनीच्या प्लगवर आकडा वाढला की प्लग थंड होतो, बॉशमध्ये उलट, त्यामुळे या सल्ल्यानं काहीजण गरम प्लग टाकून मोकळे झालेत. पण मुळात प्लगचं टोक काजळी जाळून साफ राहायला साडेचारशे-पाचशे अंश लागतात आणि आठशेच्या वर गेलं की आपोआप पेट घ्यायची भीती. त्या हिशेबात बाहेर २५ आहे की ४३ यानं फारसं बिघडत नाही. उन्हाळ्याचा खरा परिणाम वेगळाच होतो. ४३ अंशांची हवा २५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे सहा टक्क्यांनी विरळ, त्यामुळे कार्बोरेटरच्या गाडीत मिश्रण पेट्रोलकडे झुकतं आणि प्लग काळा पडायला लागतो. दुसऱ्या बाजूला पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल. त्यातलं काही आपल्याच ऊसपट्ट्यातून जातं, तर त्याच्या नावानं बोटं कशी मोडायची! पण इथेनॉल मिश्रण लीन करतं, म्हणजे हवेकडे झुकवतं, एवढं खरं. एक ओढतोय काळ्याकडे, दुसरा पांढऱ्याकडे. म्हणून उन्हाळ्यात कार्बोरेटरमध्ये ऐकीव मापाचा जेट (पेट्रोलची बारीक तोटी) न घालता प्लग काढून रंग बघावा हे उत्तम.

दुसरा सल्ला इरिडियमचा. त्या प्लगचं मधलं टोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास बारीक असतं, त्यामुळे ठिणगीला कमी व्होल्ट लागतात आणि चांगल्या फोर-स्ट्रोकमध्ये तो खूप टिकतो. पण तेल पिणाऱ्या जुन्या टू-स्ट्रोकमध्ये प्लग तेलकट होतोच, आणि इरिडियमला तारेचा ब्रश चालत नाही, टोक मोडतं. साधा निकेलचा प्लग तारेच्या ब्रशनं घासून, गॅप बघून पुन्हा बसवता येतो. माझ्या मते या गाडीवर इरिडियम म्हणजे ओढ्यात पैसे टाकणं. ज्यांना टाकायचेत त्यांनी खुशाल टाकावेत. फक्त बसवताना आधी बोटांनी शेवटपर्यंत फिरवा, इंजिन थंड असू द्या. नवा असेल तर वॉशर टेकल्यावर पान्यानं अर्धा फेरा, वापरलेला असेल तर एक अष्टमांशही पुरे. हेड अॅल्युमिनिअमचं असतं आणि त्याचे आटे गेले की सल्ला देणारा कुणीच जवळ राहत नाही.

नव्यानं भरलेली कॉईल बसली. थंड असताना किती ओहम आणि गरम असताना किती, ते सीटच्या खालच्या बाजूला मार्करनं लिहून ठेवलंय, तारखेसह. भर उन्हात हिप्परग्याच्या पुढचे तेच चढ पुन्हा पुन्हा चढवून पाहिले, आवाज कुठे तुटला नाही. प्लग तोच आहे, ओढ्यात जाता जाता वाचलेला.

आता पावसाच्या आधी टोपीकडे बघायचंय. दरवर्षी टोपी पिळून काढायची, तारेचं हिरवट पडलेलं टोक ५ मिमी कापायचं, टोपी पुन्हा पिळून बसवायची आणि मीटरवर टोपीचा रोध ५ किलो-ओहमच्या आसपास येतो का बघायचं. दोन्ही टोकांची रबरं चिरली असतील तर आधी ती बदलायची, नाहीतर पहिल्याच ओढ्यात पाणी आत शिरतं. पण कापून कापून तार आता इतकी आखूड झालीय की टोपी प्लगवर बसवली की ताणते, आणि आमच्या गाडीत ती कॉईलमध्येच ओतलेली असल्यानं सुटी बदलता येत नाही. यंदा एचटी कॉईल तारेसकट नवीच घ्यावी लागणार. अण्णांना सांगून ठेवलंय, स्पेलिंग बरोबर असलेलं पाकीट बघा.